कलादालनाचा शेजारधर्म

दिवाळीच्या दिवसांत मुलुंडला किंवा बोरिवलीला एखाद्या शाळेत रंगावली प्रदर्शन भरते, ते संध्याकाळच्या वेळी जरूर पाहावे. वर्गातली बाके बाहेर काढलेली असतात आणि दोरीपलीकडे, जमिनीवर, रांगोळीतून उमटलेले चेहरे असतात. जिन्यापर्यंत रांग लागलेली. कुणी आजी म्हणते, "पदराची घडी बघा हो, अगदी खरी वाटते!" ज्या मुलीने ती घडी काढली ती तिथेच कोपऱ्यात उभी असते, विचारले की चिमटीतून रंग सोडून दाखवते. उपनगरातल्या माणसाला चित्राची गोडी नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी या रांगेत दहा मिनिटे उभे राहावे.

मग हीच माणसे कलादालनाची पायरी का चढत नाहीत? अभिरुची नाही, हे उत्तर दालनांना सोयीचे आहे. खरे मात्र नव्हे.

जहांगीर कलादालनाचेच पाहा. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली काळा घोड्याला ते उभे राहिले, आणि मुंबईच्या चित्रकलेवर त्याचे मोठे ऋण आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. तिथल्या 'समोवार' उपाहारगृहाने तर १९६४ पासून २०१५ पर्यंत चहाच्या निमित्ताने कितीकांना चित्रांच्या सहवासात आणून बसवले. पण दालन सकाळी अकराला उघडते आणि संध्याकाळी सातला मिटते. बोरिवलीकर नोकरदाराला कचेरीतून सुटल्यावर तासाभराची लोकल गाठायची असते. राहता राहिला रविवार. त्या दिवशी मेगाब्लॉक! चित्र फुकट असले तरी त्याच्यापर्यंत पोचणे फुकट नसते.

बरे, चित्रे उपनगरात आली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. अंधेरीजवळ सहारच्या विमानतळावर २०१४ साली नवे टर्मिनल सुरू झाले, आणि त्याच्या आत राजीव सेठी यांच्या योजनेतून 'जय हे' नावाची सुमारे तीन किलोमीटर लांबीची कलाभिंत उभी राहिली. देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या हजारो कलावस्तू तिथे आहेत. मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. पण विमानाचे तिकीट हाती असल्याखेरीज ती एरवी दृष्टीस पडत नाही. प्रवासी घाईत तिच्यापुढून जातात, आणि विमानांचा आवाज दिवसरात्र ऐकणारे सहार-मरोळचे रहिवासी भिंतीच्या अलीकडेच राहतात. इतकी जवळ असूनही इतकी परकी कला उपनगराने दुसरी पाहिली नसेल.

अंतराहूनही मोठी अडचण निराळीच आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या काकूंना मी एका दालनात घेऊन गेलो. नवचित्रकलेचे प्रदर्शन होते. चित्रांखाली नावे इंग्रजीत, तीही चार शब्दांची. एका चित्रापुढे काकू बराच वेळ उभ्या राहिल्या आणि तिथल्या तरुणाला त्यांनी साधेपणाने विचारले, "हे उलटं तर नाही ना लागलं?" तो उत्तरला नाही, सोबत्याकडे पाहून हसला. काकू परतीच्या गाडीत चित्रांविषयी एक अक्षर बोलल्या नाहीत. पुढे मी दोनदा बोलावले, दोन्ही वेळा त्यांना घरी काम निघाले.

त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. वर काय, खाली काय, तोल कुठे सांभाळला आहे, हेच तर त्या विचारत होत्या. आम्ही समीक्षक तेच जड शब्दांत विचारतो. तेव्हा लोकांना जवळ करायचे म्हणजे चित्र सोपे किंवा गोड करायचे, असे नाही. चित्र अवघड असू द्यावे. त्याच्याजवळ उत्तर देणारे माणूस असावे.

बाकीच्या गोष्टी फार खर्चाच्याही नाहीत. आठवड्यातून दोन दिवस दालन रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. मराठीत चार ओळींची माहिती लावावी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून वस्तू बसगाडीत मांडून शाळांकडे नेल्या. चित्रांनाही तसे नेता येईल. विलेपार्ल्याचे दीनानाथ, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहे आपल्या लोकांच्या पायाखालची आहेत. मध्यंतरात बटाटावडा खाणाऱ्या प्रेक्षकापुढे एक चांगले चित्र आणि त्या चित्राचा चित्रकार उभा केला, तर काय बिघडेल? आणि शेजाऱ्याचीही कला पाहावी. १९७५ साली जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे जहांगीरमधल्या केमोल्ड दालनात लागली, तेव्हा शहर चकित झाले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. त्यांची ओळख आपल्याला दक्षिण मुंबईने करून द्यावी, हे उपनगरालाही भूषणावह नाही.

गेल्या दिवाळीत त्या काकू मला रंगावली प्रदर्शनात भेटल्या. दोरीवर ओणवून त्या एका मुलाला विचारत होत्या, "सावली निळी का रे केलीस?" मुलगा उत्साहाने सांगू लागला, आणि मागची रांग कुरकुर न करता ऐकत थांबली. कलादालनांच्या चालकांनी यंदा फराळ आटोपून एकदा त्या रांगेत यावे.