सोयाबीनची रील का नसते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी पुण्याहून औसा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तो डोक्यात एक रील घेऊनच. अडगळीतलं जातं बाहेर काढलं, पुसलं. आज्जीला ठेवणीतलं नऊवारी नेसायला लावलं. तीस सेकंदांत तूर जात्यात पडते, डाळ होऊन बाहेर येते, आज्जी हसते. खाली ओळ टाकली : 'थेट शेतातून, आज्जीच्या हातची.' खरं म्हणजे ती डाळ रस्त्याकडेच्या मिनी डाळमिलवर भरडून आणली होती.

आईनं रील बघितली आणि विचारलं, "आपलं जातं शेवटचं कवा फिरलं होतं रे? लोकायला फसवायलास का?"

मी हसण्यावारी नेलं. रील चालली, ऑर्डरी आल्या. पण तेव्हापासून शेतकरी घरांचे व्हिडिओ समोर आले की मी ते स्वतः तोच उद्योग केलेल्या माणसाच्या नजरेनं बघतो. त्यात मला ढोबळमानानं दोन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार चुलीचा. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे यांचं 'आपली आजी' हे यूट्यूब चॅनल तुम्ही पाहिलं असेल. ते मला आवडतं, कारण त्या कॅमेऱ्यासाठी वेगळ्या होत नाहीत, घरात बोलतात तसंच बोलतात. अडचण आहे ती त्यांच्यामागून आलेल्या शेकडो नकलांची. तीच चूल, तीच पितळी भांडी, तोच संथ कॅमेरा. या शैलीचं जगातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे चीनची ली झीची. तिच्या व्हिडिओत सगळं हातानं, सावकाश, अंगणात बनतं. पण तिच्या नावानं खपली ती लुओसिफेन नावाच्या नूडल्सची कारखान्यात भरलेली पाकिटं. माझं जातं आणि तिचं अंगण एकाच कामाचं : माल जिथं खरोखर तयार होतो, ती जागा झाकायची.

दुसरा प्रकार कणवेचा. जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या एका वृद्ध जोडप्याचा व्हिडिओ देशभर फिरला. बैल परवडत नाहीत म्हणून म्हातारा स्वतः औताला जुंपलेला. मदत आली, ती यायलाच हवी होती. पण असा व्हिडिओ बघणाऱ्याला दोनच गोष्टी करता येतात : हळहळायचं आणि जमलं तर पैसे पाठवायचे. तिथं शेतकरी विकणारा नसतोच, फक्त घेणारा असतो.

एक प्रकार शेतकऱ्याला देव्हाऱ्यात बसवतो, दुसरा त्याच्या हातात कटोरा देतो. दोन्हींत भाव दिसत नाही. आमच्या कामात एक शब्द आहे, 'हॅपी पाथ'. सगळं सुरळीत चाललं तर प्रोग्राम कसा वागेल तो रस्ता. डेमो त्याच रस्त्यानं दाखवतात. खरं सॉफ्टवेअर कळतं ते बिघाड झाल्यावर. चुलीची रील हा शेतीचा डेमो आहे आणि कणवेचा व्हिडिओ हा नुसता क्रॅश. मधलं रोजचं चालणं कुणी दाखवत नाही.

ते मधलं काय असतं? आमच्या शिवारात सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन, असं आंतरपीक असतं. तूर जानेवारीत घरी येते, भरडून किलोकिलोनं विकता येते, टिकते, कुरिअरनं जाते. आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'थेट ग्राहकाला' ही गोष्ट अशा डाळीची, चिंचेची, हळदीची आहे. मी नांदेडला इंजिनिअरिंग करताना एसटीच्या खिडकीतून अर्धापूरच्या केळीच्या बागा बघायचो. ती केळी ट्रकनंच जाणार, पाकिटातून नाही. मोबाइलसुद्धा पीक निवडून घेतो.

आणि सोयाबीन? लातूरचं खरिपातलं मुख्य पीक तेच. ते जातं तेलाच्या मिलला आणि पेंडीला. पुण्याच्या स्वयंपाकघरात त्याचं पोतं कुणाला नको. म्हणून त्याची रील नसते. आमच्या घराचं वर्षाचं गणित ज्या चार ओळींवर उभं आहे, त्या फ्रेमच्या बाहेर. फ्रेममध्ये उरलेल्या दोन.

मग कसले व्हिडिओ बनवायचे? याचं उत्तर मला बाबांनी दिलं, तेही न विचारता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी डाळमिलवर उभं राहून स्वतःच व्हिडिओ काढला. हात हललेला, मशीनच्या आवाजात निम्मे शब्द गेलेले. "ही आमची तूर. एका क्विंटलची पासष्ट-सत्तर किलो डाळ निघते. चुनी म्हशीला. पॉलिश केली नाही, म्हणून मळकट दिसते. शिजायला जरा वेळ लागते. भाव खाली लिहिलाय." बस्स. व्हॉट्सॲप स्टेटसला टाकून दिला.

बघणारे माझ्या रीलच्या शंभराव्या हिश्शाइतकेसुद्धा नव्हते. पण माझ्या रीलवर लोक लिहायचे, 'आजी किती गोड!' बाबांना लोकांनी विचारलं, चुनी म्हणजे काय, मळकट डाळ धुवायची किती वेळा, पुढच्या वर्षी भाव हाच राहील का. यातल्या बऱ्याच जणांनी पुन्हा डाळ मागवली. माझी रील बघून घेतलेल्यांपैकी फार थोडे परत आले. समीक्षा म्हणून इतकंच म्हणेन : बाबांच्या व्हिडिओत मालाचा दोष, उतारा आणि भाव होता, म्हणून त्यात समोरच्या माणसाला बोलायला जागा होती.

मी ती जात्याची रील काढून टाकली. आज्जीला वाईट वाटलं, तिला तिचं नऊवारी आवडलं होतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये, सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेलं सोयाबीन बाबांनी आडतीवर घातलं. हमीभाव होता ५,३२८ रुपये. आडतीच्या पट्टीवर भाव पडला ४,२५०. त्यांनी पट्टीचा फोटो काढून स्टेटसला लावला, वर एक शब्दही न लिहिता. डाळीच्या गिऱ्हाइकांपैकी कोथरूडच्या एका ताईंचा मेसेज आला, "काका, हे आम्ही तुमच्याकडून घेऊ शकतो का?"

बाबांनी बराच वेळ टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. मग पाठवलं : "नाही ताई. हे तुम्हाला घेता येत नाही. पण विचारलं, बरं वाटलं."