स्मृतिचित्रे

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे आत्मचरित्र (चार भाग, १९३४–३६). पती व कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या सहवासाच्या आठवणी सांगणे हा त्याचा प्रकट हेतू. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरात आणि ज्ञातीत निर्णय कसे घेतले जात, त्यांत श्रद्धेचा वाटा किती व भीतीचा किती, हे इतक्या जवळून दाखविणारा ग्रंथ मराठीत विरळाच.

पहिल्या भागातील नाना गोखले यांचे, म्हणजे लेखिकेच्या वडिलांचे, चित्र या दृष्टीने लक्षणीय आहे. १८५७ च्या उठावात त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून नानांना सोवळ्याचे वेड लागले. बाजारातून आणलेली जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना. दहशत राजकीय, पण तिने रूप घेतले धार्मिक आचाराचे. आणि आचार एकदा धार्मिक ठरला की त्यावर प्रश्न करणे अशक्य झाले. त्याचा सारा भार पत्नीच्या अंगावर पडला. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात. विनोद ओसरला की उरते ते भयानकच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे जलालपूर, नाशिक, पंढरपूर येथे आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. या भागात कोणी खलपुरुष नाही. तिला सांभाळणारे आप्त मायेचेच आहेत. त्यांना धर्मशास्त्रापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ याचीच धास्ती अधिक. बहिष्काराचे बळ पंचांच्या आज्ञेत नसून या मायेत असते, हे या प्रकरणांतून जितके कळते तितके सुधारकांच्या निबंधांतून कळत नाही.

टिळकांचा संबंध आला ते अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडमधील प्यूरिटन परंपरेतून निघालेले. १८१३ मध्ये मुंबईस पोहोचलेल्या गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली ती ६ फेब्रुवारी १८१२ रोजी, मॅसॅच्यूसेट्समधील सेलम या गावी. त्याच सेलममध्ये १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी देण्यात आली होती. आरोपीची छाया येऊन आपणास छळते, ही साक्ष न्यायालयाने ग्राह्य मानली. १६९७ मध्ये न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी चर्चमध्ये उभे राहून आपला दोष पत्करला. सोवळे आणि फाशी यांची तुलना ताणणे योग्य नव्हे. परंतु न दिसणाऱ्या दोषाला पुरावा मानण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. विटाळही डोळ्यांना दिसत नाही, आणि तो झाला नाही हे सिद्ध करता येत नाही.

या रीतीतून लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने बाहेर पडल्या, आणि तोच ग्रंथाचा उत्कर्षबिंदू होय. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपली चूल व पाणी वेगळे ठेवले होते. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी एकटीनेच निकाल लावला आणि वेगळेपण सोडले. १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या क्रमाला महत्त्व आहे. प्रथम विटाळाचे भय गेले, धर्मांतर नंतर. त्यामुळे हे आत्मचरित्र धर्मप्रचाराचे पुस्तक ठरत नाही, आणि हिंदू वाचकांनीही त्याला आपले मानले.

उणिवा आहेत. सनावळीकडे लेखिकेचे लक्ष नाही; घटनांचा क्रम स्मृतीच्या ओघाने येतो. आईच्या हालांचे वर्णन विनोदाच्या भरात काही ठिकाणी फारच हलके होते. टिळकांचा लहरी स्वभाव त्या निर्भयपणे रंगवितात, मात्र त्यांच्या निर्णयांनी घरावर ओढवलेल्या आपत्तींचा जाब त्या क्वचितच मागतात. चौथ्या भागात पूर्वीची गती उरलेली नाही. तो लेखिकेच्या हातून पुरा झाला नाही.