कोकणातील उष्णोदक झरे आणि स्थानिक उद्योग : व्यवहार्यतेची चिकित्सा

भारतातील भूऔष्णिक ऊर्जेसंबंधीचे बहुतेक लेखन १०,६०० मेगावॉट या संभाव्य क्षमतेच्या आकड्यापाशी येऊन थांबते. देशात व्यापारी तत्त्वावरील एकही भूऔष्णिक वीजकेंद्र अद्याप उभे राहिलेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या राष्ट्रीय धोरणात शेती, शीतगृहे आदींसाठी उष्णतेच्या थेट वापराचाही समावेश आहे. परंतु चर्चेचा रोख विजेवरच राहतो आणि लहान उद्योजकाचा प्रश्न बाजूला पडतो. त्याला वीज नव्हे, ऊब हवी असते.

पालघरपासून राजापूरपर्यंतच्या पट्ट्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी असे झऱ्यांचे समूह आहेत. पाण्याचे तापमान स्थलपरत्वे सुमारे ३४ ते ७१ अंश सेल्सिअस असून उन्हवरे येथील पाणी सर्वांत उष्ण. वीजनिर्मितीस ही उष्णता अपुरी होय. वाळवणीस मात्र ती पुरेशी आहे. सेकंदाला एक लिटर पाणी ७० अंशांवरून ५० अंशांपर्यंत निववले, तर सुमारे ८४ किलोवॉट उष्णता मिळते. निम्मी वाया गेली असे धरले, तरी तासाला साठेक किलो पाण्याचे बाष्पीभवन होऊ शकते. एखाद्या गावातील प्रक्रिया उद्योगास हे थोडे नाही.

काजूचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण ते फसवे आहे. बी उकडण्यास वाफ लागते आणि ती या पाण्यातून मिळत नाही. गर वाळवण्याचे काम होऊ शकेल; परंतु कारखानदाराजवळ काजूची टरफले असतात आणि ती उत्तम जळतात. घरचे इंधन असताना तो यंत्रणेवर भांडवल का घालील?

कोकमाची गोष्ट वेगळी. रातांबे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात, उशिराचे पीक पावसात सापडते आणि झाडाखाली कुजून जाते. आमसुले करताना साले रसात बुडवून पुन्हापुन्हा वाळवावी लागतात; चार दिवस ऊन पडले नाही तर सगळा खटाटोप वाया. येथे झऱ्याची स्पर्धा लाकडाशी नसून आभाळाशी आहे. आंबापोळी आणि फणसपोळी यांनाही हेच लागू पडते. मात्र हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. उरलेल्या काळात यंत्रणा रिकामी राहिली, तर खर्च निघणे कठीण. दक्षिण कोकणातील उकड्या तांदळासाठी भात भिजत घालण्याचे काम तिला जोडता येईल. त्यास साधारण याच तापमानाचे पाणी लागते.

अडचणी केवळ आर्थिक नाहीत. यांतील अनेक झऱ्यांचे पाणी क्षारयुक्त असल्याने साध्या लोखंडी नळ्या टिकत नाहीत आणि ते अन्नाशी येऊ न देता उष्णता विनिमयकाद्वारे हवा तापवावी लागते. ऊन पाणी दूरवर नेणे परवडत नाही. म्हणजे उद्योगानेच झऱ्यापाशी यावयाचे. तेथे बहुधा देवस्थान असते, स्नानाची वहिवाट असते. अधिक पाण्याच्या आशेने विंधनविहीर खोदली आणि कुंड आटले, तर त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे? न्यूझीलंडमधील रोटोरुआ येथे घरे आणि निवासगृहे यांच्या शेकडो विहिरींमुळे उष्णोदकाचे फवारे क्षीण झाले. अखेर १९८६ पासून शासनाला पोहुटू फवाऱ्याभोवतीच्या दीड किलोमीटर परिसरातील विहिरी बंद कराव्या लागल्या.

वापरलेले पाणी पुन्हा भूगर्भात सोडणे हा त्यावरील शास्त्रीय उपाय. पण त्यासाठी दुसरी विहीर हवी आणि तिचा खर्च आमसुलाच्या धंद्याने पेलण्यासारखा नाही. स्नानानंतर कुंडातून वाहून ओढ्याला मिळणाऱ्या पाण्यास मात्र ही अडचण येत नाही. त्याच्या मार्गावर विनिमयक बसवण्यास खोदकाम लागत नाही आणि कोणाचा हक्कही जात नाही. हे पाणी किती आणि ऐन एप्रिल-मे महिन्यांत ते किती उरते, याची झऱ्यागणिक बारमाही मोजणी झाल्याखेरीज कोणत्याही प्रकल्प अहवालातील नफ्याचे आकडे ग्राह्य धरता येत नाहीत.