सांगलीतला बर्फ

टीकाकाराने पुस्तके सोडून दुसऱ्या कशाकडे डोळे वटारू नयेत, असा एक संकेत आहे. दिवाळीच्या चार दिवसांत तो थोडा सैल करायला हरकत नसावी. फराळाच्या ताटात चकलीशेजारी करंजी बसते, तशी कवितांच्या परीक्षणाशेजारी एका दिव्याची समीक्षा बसली, तर वाचक रागावणार नाहीत.

माझा विषय आहे बर्फाच्या नळ्या. साताऱ्याच्या मोती चौकात काय किंवा सांगलीच्या मारुती रोडवर काय, दिवाळीच्या आधी त्या दुकानांपुढे लोंबताना दिसतात. हातभर लांबीच्या पारदर्शक नळ्या, आठ-दहांची एक माळ. वरून प्रकाशाचा थेंब निघतो, फिकट शेपूट मागे ठेवीत खाली ओघळतो आणि टोकाशी विझतो. खोक्यावर पांढरी छपरे आणि नाताळचे झाड. ही हिमवृष्टी मुळात थंड देशांतल्या नाताळासाठी जन्मली आणि आमच्या गॅलरीत येऊन तुळशीवर पडू लागली.

माझे मत पाहण्याआधीच तयार होते. टीकाकारांच्या जातीला हा रोग असतोच. अकराव्या शतकात क्षेमेन्द्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहून ठेवली आहे. जे जिथे शोभते तिथेच ते असावे, हा तिचा गाभा. हा क्षेमेन्द्र काश्मीरचा, म्हणजे बर्फ पाहिलेला माणूस. सांगलीच्या उकाड्यात बर्फ टांगणाऱ्याला त्याने काय म्हटले असते, हे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. आमच्या सातारा जिल्ह्यात हिमाशी नाते सांगायचे तर महाबळेश्वरचे. तिथे वेण्णा तलावाकाठी एखाद्या कडाक्याच्या पहाटे दव गोठते आणि गवत पांढरे होते. पण तो हिमकण जमिनीवर जमतो, आकाशातून पडत नाही. तेव्हा हा बर्फ उसना, असा निकाल मी देऊन बसलो होतो.

पण कलाकृतीची निंदा करायची तर आधी तिची घडण पाहावी. ती पाहिली आणि मी जरा वरमलो. या नळीत खाली पडणारे काहीच नाही. एका पट्टीवर बारीक दिवे ओळीने बसवलेले असतात. ते वरपासून एकामागून एक पेटतात, आणि पेटून गेलेले हळूहळू मंदावतात. पडणे घडते ते आपल्या डोळ्यांत. मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली याच भासाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बर्फाची शुभ्रताही तशीच. मूळ प्रकाश निळा. त्यावर पिवळ्या प्रस्फुरकाचा लेप दिला की दोहोंच्या मिश्रणाने तो पांढरा भासतो. हा निळा दिवा साधल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे अर्धे काम कारागिराचे आणि अर्धे पाहणाऱ्याचे. सांगलीकराला हे नवे नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तेव्हा सूत्रधाराच्या पदांवरून प्रेक्षकांनीच मनात मिथिला उभी केली असणार.

या बर्फाचा खरा अर्थ मला कळला तो २०१९च्या भाऊबिजेला. मी साताऱ्याहून आक्काकडे सांगलीला गेलो होतो. तिचे घर गावभागात. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते; धोक्याची पातळी ४५ फुटांची. घराच्या भिंतीवर माणसाच्या उंचीला ओलीची रेघ अजून होती. घराला उजेड यावा म्हणून नातवाने हौसेने गॅलरीभर नळ्या लावल्या होत्या. ओवाळून झाले, आक्काने तबक खाली ठेवले, बाहेर पाहिले आणि हलकेच म्हणाली, “अरे बाळा, तेवढा पाऊस बंद कर रे.”

नातू म्हणाला, “आजी, पाऊस नाही, स्नो आहे तो.”

“असेल. मला पाऊस दिसतो.”

त्याने मुकाट्याने खटका खाली केला. आक्काने त्याच्या हातावर अनारसा ठेवला.

परतताना एस्टीत मी माझा निकाल फाडून टाकला. बर्फ परका आहे, हा आक्षेप पोकळ होता. कारण तो इथे बर्फ म्हणून पोचतच नाही. पाहणाऱ्याने जे सोसले, साठवले, त्यातून तो त्या नळीत आपला अर्थ ओततो. औचित्य वस्तूच्या जन्मगावावरून ठरत नाही, ते पाहणाऱ्याच्या मनात ठरते. मी वीस ओळींत जे मांडणार होतो, त्यापेक्षा खरी टीका आक्काने एका वाक्यात केली होती.

तरीही एक दोष नोंदवलाच पाहिजे. या प्रकाशाला विराम नाही. पणतीची वात वाऱ्याने कलते, तेल सरते, कुणीतरी उठून ते घालते. त्या उठण्यात घरपण असते. नळीतला थेंब मात्र पहिल्यासारखाच हजारावा. त्यातून सगळ्या नळ्या एका ठेक्यात ओघळू लागल्या, की कवायत पाहिल्यासारखे होते. ज्या माळेत प्रत्येक नळीची सुरुवात वेगळी असते ती चांगली. आणि चाळीसांपेक्षा चार अधिक चांगल्या.

हे वाक्य मी दिवाळी अंकात लिहीन असे वाटले नव्हते, पण गेल्या दिवाळीत मला या नळ्यांची एक खरीखुरी सुंदर मांडणी पाहायला मिळाली. आक्काच्या धाकट्या नातीने अंगणात किल्ला केला होता. मामाआजोबा साताऱ्याचे म्हणून अजिंक्यताराच केला होता. किल्ल्याच्या मागे एक उंच डोंगर होता, तो महाबळेश्वर. माळ्यावर पडलेल्या नळ्यांतून चालणाऱ्या तीन तिने शोधून काढल्या आणि ओल्या मातीपासून दूर, एका कोरड्या फळीवर एकीपुढे एक अशा आडव्या ठेवल्या. महाबळेश्वराच्या पायथ्याशी प्रकाश निघे, माहुली, कऱ्हाड अशा चिठ्ठ्या खोचलेल्या गावांवरून वाहत जाई आणि पुठ्ठ्याच्या आयर्विन पुलाखालून सांगलीत पोचे.

वस्तू तीच, फक्त आडवी केलेली. पडणारे वाहू लागले.

आक्का खुर्ची घेऊन किल्ल्यापाशी बसली. बराच वेळ पाहत होती. मग पुलाकडे वाकून म्हणाली, “पाणी पात्रात आहे गं.”

त्या रात्री कुणी खटका खाली केला नाही.