पंचावन्न आणि ब्याण्णव

१९८९च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये राणी बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीतल्या स्त्रियांच्या आजारांवरचा निबंध छापून आला. दोन गावं, ६५० स्त्रिया, विचारपूस आणि शारीरिक तपासणी. त्यातला एक आकडा पुढे फार गाजला: ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. सरासरी काढली तर दर बाईमागे ३.६ आजार. याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या बायका फक्त ८ टक्के. ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच ज्यांचा विचार थांबत होता त्यांना हा आकडा चांगलाच झोंबणारा होता.

मला मात्र त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त छळतो. ५५. स्वतःहून काही ना काही तक्रार सांगणाऱ्या बायका ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्के म्हणाल्या, काही त्रास नाही.

साधं गणित करू. ६५०चे ९२ टक्के म्हणजे ५९८. ५५ टक्के म्हणजे साधारण ३५८. तक्रार करणारी प्रत्येक बाई आजारी होती असं धरलं, तरी किमान २४० बायका अशा उरतात ज्यांना आजार होता आणि तक्रार नव्हती. या २४० जणी गप्प का होत्या?

दोन शक्यता तर लगेच दिसतात. एक, त्यांना खरंच काही जाणवत नव्हतं. बरेच संसर्ग लक्षणांशिवाय असतात. दुसरी, जाणवत होतं, पण 'बाईच्या जातीला हे चालायचंच' म्हणून त्याला तक्रार म्हणायचं त्यांच्या मनातही आलं नाही. तक्त्यात या दोघी एकाच खान्यात बसतात. पण पहिलीसाठी गावात तपासणीची सोय हवी. दुसरीसाठी बाई डॉक्टर हवी, आडोसा हवा, आणि त्याआधी 'हा आजार आहे, तुझं नशीब नाही' असं कुणीतरी म्हणायला हवं. आकडा कितीही काटेकोर असला तरी या दोघींना वेगळं करू शकत नाही. त्यासाठी बसून बोलावं लागतं.

ते बोलणं झालंही. अंगावरून पांढरं जाण्याबद्दल गडचिरोलीच्या बायका काय समजतात, यावर बंग दांपत्याचा लेख १९९४ मध्ये, भारतातल्या स्त्रिया आपल्या आरोग्याबद्दल काय बोलतात या विषयावरच्या एका इंग्रजी संपादित ग्रंथात आला. मराठी वाचकाला राणी बंग यांचं 'कानोसा' त्या जगात घेऊन जातं. म्हणजे एकाच कामाचे दोन अर्धे भाग झाले. टक्केवारी 'लॅन्सेट'मध्ये, शब्द पाच वर्षांनी दुसऱ्याच पुस्तकात. ९२ टक्के भाषणांत आणि अहवालांत सहज बसतात. 'दोन गावांतल्या ६५० स्त्रिया' हे शब्द वाटेत गळले की तोच आकडा अख्ख्या ग्रामीण भारताचा होऊन बसतो. १९९४चा लेख असा फिरू शकत नाही, कारण त्याचं एका ओळीत काही होत नाही.

हल्ली 'मिश्र पद्धती'चे अभ्यास खूप होतात. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, पण आरोग्याच्या डेटावर काम करत असल्यामुळे असे बरेच निबंध वाचावे लागतात. त्यातल्या पुष्कळांचा साचा एकच: आधी दहा तक्ते, मग मधूनमधून तिरक्या अक्षरात बायकांची वाक्यं, वडापाववर चटणी भुरभुरावी तशी. वाक्यं अशी निवडलेली की तक्त्यात दिसलं तेच ती पुन्हा सांगतात. दोन्ही पद्धतींचं एकमत झालं म्हणून लेखक खूश. आमच्याकडे लॉगमध्ये एकही एरर नसते आणि युजर म्हणतो ॲप चालत नाही, तेव्हा खरं काम सुरू होतं. कोण खोटं बोलतंय हे शोधण्यात वेळ घालवायचा नसतो. आपण काय मोजायचं विसरलो, ते शोधायचं असतं.

याच तक्रारीवर गोव्यातलं काम आहे, आणि ते नेमकं उलटं चित्र दाखवतं. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये संसर्गापेक्षा मानसिक ताण, नैराश्य आणि घरातल्या अडचणी यांच्याशी तक्रारीचं नातं जास्त ठळक निघालं. गडचिरोलीत आजार होता आणि तक्रार नव्हती. इथे तक्रार होती, पण बऱ्याच जणींना संसर्ग नव्हता. अर्थात एकाच वेळी मोजलेल्या दोन गोष्टींपैकी कुठलीमुळे कुठली झाली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तक्रारीमुळेही माणूस खचतो. मग २००८ मध्ये पटेल, ग्रेसी अँड्र्यू आणि पर्टी पेल्टो यांचा निबंध आला, ज्यात बायकांनी आपल्या आजाराच्या हकिगती सांगितल्या आहेत. त्यांच्या मते कारणं काय? ताण, अंगातली उष्णता, आणि हो, संसर्गही. (हेच पेल्टो १९९४च्या त्या ग्रंथाच्या संपादकांपैकी एक होते.) पाहणीत जे नातं नुसतं आकडा म्हणून दिसलं, ते या बायका आपल्या भाषेत आधीपासूनच मांडत होत्या. इथे वाक्यं चटणीसारखी भुरभुरलेली नाहीत. ती नसती तर पाहणीतल्या त्या नात्याचं काय करायचं, हेच कळलं नसतं.

यात प्रत्यक्ष नुकसान कुणाचं होतं? लक्षणावरून उपचार ही सरकारी दवाखान्यांत रुळलेली पद्धत आहे. बाई म्हणाली पांढरं जातंय, की ठरलेल्या गोळ्यांचं किट द्यायचं. लैंगिक संसर्गाचा संशय आला तर नवऱ्यालाही बोलवायचं. ज्या बाईचं दुखणं घरातल्या ताणाचं आहे तिच्या हातात अँटिबायोटिक पडतं आणि नवऱ्याच्या डोक्यात संशय. त्या २४० जणींपैकी एखादी मात्र दवाखान्याच्या पायरीपर्यंतच येत नाही, कारण तिला तक्रारच नाही. एकच नियम दोघींना चुकवतो, आणि दोघींच्या बाबतीत वेगळ्या कारणाने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही स्त्रियांना विचारतात, गेल्या १२ महिन्यांत असा स्राव झाला का. उत्तर हो किंवा नाही. पुढच्या वेळी त्या रकान्यातली टक्केवारी वाचाल, तेव्हा एवढं बघा की ती तक्रारीची टक्केवारी आहे. ती कमी झाली तर आजार कमी झाला असेल, किंवा बायका पुन्हा गप्प झाल्या असतील. यातलं कुठलं ते त्या रकान्यात लिहिलेलं नसतं.