विसाव्याचा हक्क : दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतील एक दुर्लक्षित सूत्र

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांचा मराठीतील प्रवाह १९८० नंतर ठळक झाला. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१), मुक्ता सर्वगोड यांचे ‘मिटलेली कवाडे’ (१९८३), बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ (दोन्ही १९८६), शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ (१९९०) आणि पुढे उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) ही त्यातील महत्त्वाची पुस्तके होत. समीक्षेने त्यांचे मोल प्रामुख्याने व्यथा आणि विद्रोह या दोन कसोट्यांवर केले. या कसोट्या चुकीच्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत. व्यथेकडे पाहताना बाई सोसणारी दिसते, विद्रोहाकडे पाहताना लढणारी. सोसणे आणि लढणे यांच्या मधल्या घटकेत ती कुठे टेकते, कोणाशेजारी टेकते आणि ती घटका तिला कोण देते किंवा नाकारते, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. या लेखनाने मात्र तो सतत विचारला आहे.

‘जिणं आमुचं’मध्ये हा प्रश्न सर्वांत उघडा आहे. ‘स्त्री’ मासिकातून १९८२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या या लेखनाचा निवेदक ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ अधिक आहे. महारवाड्यातील बाईचा दिवस येथे कोंबड्याच्या आरवण्याबरोबर जात्यावर सुरू होतो. दळण, पाणी, मोळी विकणे, भाकरी मागणे या क्रमात बसण्याला जागा नाही. बाळंतपणाची वर्णने तर वाचकाला अस्वस्थ करणारी आहेत. ओल्या बाळंतिणीच्या वाट्याला येते ती उपासमार. जेथे जगभर बाईला सक्तीची का होईना विश्रांती मिळते, तेथेही तिला ती मिळत नाही.

या चित्रणाचे बळ लेखिकेच्या निःपक्षपातीपणात आहे. बाईचा विसावा केवळ गावाने हिरावला असे ती सांगत नाही. ज्यांना सर्वांनी गुलाम केले त्यांनाही कोणावर तरी सत्ता हवी होती आणि ती त्यांना स्वतःच्या सुनेत सापडली, असे निदान ती करते. पहाटे कोवळ्या सुनेला जात्यावर बसवणारी सासू ही स्वतः कधी न विसावलेली बाई असते. समूह आधार देतो, तसाच तो विसावा लुटतोही. हे दुहेरी सत्य न लपवल्यामुळेच ‘आम्ही’ या सर्वनामाला भाबडेपणा येत नाही.

याच पुस्तकात आषाढाचे विस्तृत वर्णन आहे. घरे सारवली जातात, न्हाणे होते, गोडधोड शिजते, अंगात येणाऱ्या बायांना हळदकुंकू लावले जाते. लेखिकेला अंधश्रद्धेचे प्रेम नाही, तिची दृष्टी आंबेडकरी विचाराने घडलेली आहे. तरीही या महिन्यावर तिची लेखणी रेंगाळते. वर्षभर जिला कोणी ‘बस’ म्हणत नाही, तिच्या अंगात देवी आली की तिच्यापुढे माणसे वाकतात, हा विरोध तिने नेमका टिपला आहे. हक्काचा विसावा नसतो तेथे तो विधीच्या आडोशाने मिळवावा लागतो, असा अर्थ या वर्णनातून निघतो.

विसाव्याला हक्काचे रूप देण्याचे प्रयत्न या लेखनाच्या आधीच सुरू झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेला बाळंतपणापूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये कायदा झाला. बेबी कांबळे यांचा जन्मही १९२९ चाच. कारखान्यातील स्त्रीपुरता असलेला तो कायदा त्यांच्या महारवाड्यापर्यंत पोचणे शक्यच नव्हते. त्यांच्या पुस्तकातील उपाशी बाळंतीण या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेली स्त्री आहे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या दलित स्त्रियांच्या परिषदेने या मागणीला स्त्रियांचाच आवाज दिला. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी असलेल्या या परिषदेने कामगार स्त्रियांसाठी रजा, भरपाई आणि निवृत्तिवेतन मागणारा ठराव केला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील अशा स्त्रियांचे कर्तृत्व नोंदवले. रजा मागणारी बाई आळशी ठरत नाही, ती स्वतःच्या देहाला माणसाचा देह म्हणून मान्यता मागत असते, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

‘आयदान’मध्ये विसाव्याचे रूप बदलते. रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाट तुडवणाऱ्या बायांपासून हे आत्मकथन सुरू होते. इतक्या आडवळणी जागी वस्ती करणाऱ्या पूर्वजाला त्या वाटेवर शिव्या घालतात. ओझे तेच राहते, पण ते एकटीचे राहत नाही. मराठी परंपरेला ही कल्पना अपरिचित नाही. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळतो. जनाबाईचे स्वप्न निव्वळ स्वस्थ बसण्याचे नाही, जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागावा असे आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्याही हेच सांगतात. मात्र येथे अभ्यासकाने सावध राहायला हवे. श्रम गाण्याने सुसह्य होतात म्हणून ते न्याय्य ठरत नाहीत. ‘आयदान’मधील आई पतीच्या मृत्यूनंतर बांबूची आयदाने विणत राहते. तिच्या विणण्याशी लेखिका आपल्या लेखनाचे नाते जोडते, ते वेदनेच्या विणीचे. विणणाऱ्या हातांची कला पाहताना त्यांना थांबण्याची मुभा नव्हती, हे ती विसरू देत नाही.

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकांच्या लेखनाशी तुलना या ठिकाणी उपयुक्त ठरते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले आणि त्या साहित्याकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले गेले. पण ही तुलना बहुधा पुरुषांच्या संतापापाशीच थांबली. टोनी केड बंबारा यांच्या ‘द सॉल्ट ईटर्स’ (१९८०) या कादंबरीची नायिका चळवळीत झिजून आत्महत्येच्या कडेवर पोचलेली कार्यकर्ती आहे. तिचे बरे होणे हे तिच्या वस्तीचेही काम ठरते. त्याच कादंबरीतून शब्द घेऊन बेल हुक्स यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थिनींचे आधारगट चालवले आणि त्या अनुभवावर ‘सिस्टर्स ऑफ द याम’ (१९९३) हे पुस्तक लिहिले. ऑड्री लॉर्ड यांनी ‘अ बर्स्ट ऑफ लाइट’मध्ये (१९८८) कर्करोगाशी झुंजताना स्वतःची निगा राखणे हेही राजकीय कृत्य मानले. या लेखिकांच्या सोबतीने ‘रात्रंदिन आम्हा’ वाचले तर तुकारामांच्या अभंगातून घेतलेले ते शीर्षक नवा प्रश्न उभा करते. रात्र आणि दिवस दोन्ही युद्धाला दिल्यावर योद्ध्या स्त्रीची काळजी कोणी घ्यायची? चळवळीने त्याग मागितला, तो स्त्रियांनी दिला. त्या त्यागाची गौरवगाथा होते, हिशेब होत नाही. अर्थात दोन्ही परंपरांतील अंतर पुसून चालणार नाही. गुलामगिरीचा आणि अस्पृश्यतेचा इतिहास वेगळा आहे. साम्य एवढेच की दोन्हीकडे बाईचे बळ गृहीत धरले गेले आणि ‘सोशीक’ या विशेषणाखाली तिचा थकवा झाकला गेला.

विसाव्याला वेळ लागतो, तशी जागाही लागते. स्वतंत्र भारतात चंडीगडची आखणी करताना शरीर आणि मन यांच्या जोपासनेला रहिवास, काम आणि दळणवळण यांच्या बरोबरीचे स्थान दिले गेले, ‘लेझर व्हॅली’ नावाचा हिरवा पट्टा राखला गेला. ते शहर उभे राहत असताना डोक्यावर माती आणि विटा वाहणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. विसाव्याची जागा बांधणाऱ्या बाईला त्या जागेत बसता येते का, हा प्रश्न नगररचनेइतकाच साहित्यालाही लागू आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी लिहिणाऱ्या स्त्रीसाठी स्वतःच्या खोलीची मागणी केली, तीही १९२९ मध्येच. बेबी कांबळे यांना तशी खोली मिळाली नाही. फलटणच्या किराणा दुकानात, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतून त्यांनी वाचन केले, पती मालाच्या खरेदीला गेले की त्या लिहीत आणि लिहिलेले कित्येक वर्षे लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ ही अशा चोरून मिळवलेल्या घटकांची निर्मिती आहे.

म्हणून विसावा हा या लेखनाचा केवळ एक विषय नाही, तो त्याच्या जन्माची अट आहे. ज्या असंख्य बायांना दुकानातली तेवढी घटकाही मिळाली नाही, त्यांची आत्मकथने लिहिली गेलीच नाहीत. व्यथा आणि विद्रोह यांच्या शेजारी विसावा ही तिसरी कसोटी ठेवली, तर या पुस्तकांतील भाकरी, जाते, मोळी आणि आषाढ यांचे अर्थ अधिक उजळ होतील, आणि मराठी साहित्याच्या इतिहासात रिकाम्या राहिलेल्या जागांचे कारणही कळेल.