चळवळीचे चित्र : पूजेचे की कामाचे?

दलित साहित्याची समीक्षा गेली पन्नास-साठ वर्षे शब्दाभोवती फिरत आली आहे. कविता, आत्मकथन, कथा, नाटक यांवर आपण परिसंवाद घेतले, भांडलो, प्रबंध लिहिले. परंतु ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते त्या माणसांपर्यंत चळवळ कशी पोहोचली, असे कोणी विचारले की आपण जलशाचे नाव घेतो आणि थांबतो. फलक, झेंडा, भित्तिपत्रक, पुतळा, निवडणुकीची निशाणी यांचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. परिणामी चळवळीचे चित्र कसे असावे हे आज फ्लेक्स छापणारा दुकानदार आणि त्याला पैसे देणारा पुढारी ठरवतो.

एखाद्या कारणासाठी काढलेले चित्र म्हणजे प्रचार, आणि प्रचार म्हणजे कला नव्हे, हा प्रस्थापितांचा जुना निवाडा आहे. तो दलित कवितेलाही ऐकवला गेला होता आणि बाबुराव बागूलांच्या पिढीने त्याला उत्तर दिले आहे. तो वाद पुन्हा उकरण्याचे मला कारण दिसत नाही. मला विचारायचे आहे ते एवढेच की, चळवळीच्या चित्रांतले चांगले कोणते आणि वाईट कोणते हे आपण कशावरून ठरवायचे? माझ्या मते चित्र बघणाऱ्याला काय करायला लावते, यावरून ते ठरवले पाहिजे. काही चित्रे हात जोडायला लावतात, काही हात कामाला लावतात.

महाडचेच उदाहरण घ्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. परिषदेला गावात जागा मिळू नये असा सनातन्यांचा प्रयत्न होता. फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. मंडपासमोर दीड फूट लांबरुंद आणि सहा इंच खोल खड्डा खणून त्यात चंदनाची लाकडे रचली. भोवती खांब रोवून फलक लावले. त्यातला एक फलक ही जागा मनुस्मृतीची दहनभूमी आहे असे सांगत होता. या मांडणीकडे कलेच्या दृष्टीने कोणी पाहिले आहे काय? वेदी हा ब्राह्मणी विधीचा आकार. ज्यांना त्या विधीच्या आसपासही फिरकू दिले नाही, त्यांनी तोच आकार उचलला आणि त्यात ब्राह्मणी कायदा जाळला. फलक वाचता न येणाऱ्यालाही येथे काय चालले आहे हे कळत होते, आणि तो नुसता प्रेक्षक राहत नव्हता.

दुसरे उदाहरण १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर निशाणी असे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्ती. मतदार बहुसंख्येने निरक्षर. सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बाईने हत्ती ओळखून पेटीत मतपत्रिका टाकली, तेव्हा एका साध्या रेखाचित्राने तिला राज्यघटनेने दिलेला हक्क वापरायला मदत केली. त्या निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पराभूत झाले, हे खरे. पण त्या चित्राने आपले काम केले होते.

१९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊन. आपण नाव घेतले, आवेश घेतला. त्यांच्या चित्रांकडे मात्र पुरेसे पाहिले नाही. १९६६ मध्ये ओकलंडला स्थापन झालेल्या त्या पक्षाचे वृत्तपत्र १९६७ मध्ये सुरू झाले. त्याची चित्रे एमरी डग्लस काढत. मुद्रणाचे पहिले धडे त्यांनी बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातील छापखान्यात घेतले, पुढे व्यावसायिक चित्रकला शिकले. पैसा कमी, म्हणून काळ्याच्या जोडीला एखादाच रंग. जाड काळी रेघ. स्वस्त छपाईतही ती बुजत नसे. अंकाचे शेवटचे पान बहुधा भित्तिपत्रकच असे. लोक ते फाडून भिंतीवर चिकटवत. वस्ती हेच आपले कलादालन, अशी डग्लस यांची भूमिका होती.

त्या चित्रांत पुढारी असत, नाही असे नाही. पण माझे लक्ष वेधतात ती दुसरी माणसे : किराण्याची पिशवी धरलेली बाई, उंदरांनी भरलेल्या घरातली मुले, हातात बंदूक असलेली आई. पक्षाने १९६९ मध्ये मुलांसाठी मोफत न्याहारीचे केंद्र सुरू केले तेव्हा चित्रांतही ते काम आले. वस्तीतल्या माणसाला भिंतीवर स्वतःचा चेहरा दिसला, आणि पक्ष काय करतो आहे हेही दिसले.

यावर कोणी म्हणेल, मग आमचे बाबासाहेबांचे चित्र आणि पुतळा म्हणजे केवळ पूजा काय? मी तसे म्हणणार नाही. डिसेंबर १९५० मध्ये कोल्हापूरच्या बिंदू चौकात माधवराव बागलांनी जोतीराव फुले आणि बाबासाहेब यांचे अर्धपुतळे उभारले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. बागल स्वतः चित्रकार होते. ज्याच्या समाजाला चौकातून ताठ मानेने चालता येत नव्हते, त्याचा पुतळा चौकात उभा राहणे हा त्या चौकावरचा हक्क आहे. हे आपल्यापेक्षा विरोधकांना अधिक समजते. म्हणूनच पुतळ्यांची विटंबना होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात अशा विटंबनेनंतर लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० माणसे मारली गेली. ज्या प्रतिमेसाठी माणसे अशी मरतात तिला शोभेची वस्तू कोण म्हणेल?

माझी तक्रार फ्लेक्सवरच्या बाबासाहेबांबद्दल आहे. कोपऱ्यात त्यांचा छोटा चेहरा, मध्ये पुढाऱ्याचा मोठा, खाली पन्नास शुभेच्छुकांची रांग. हे चित्र वस्तीला काहीच विचारत नाही, काहीच कळवत नाही. राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. त्यांच्याच चेहऱ्याच्या आधाराने आज ती भक्ती छापली जाते.

दोष फ्लेक्सच्या कापडात नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातून वसतिगृहाबाहेर काढलेल्या पाच दलित विद्यार्थ्यांनी आवारातच मुक्काम ठोकला आणि महापुरुषांच्या चित्रांचे फ्लेक्स उभे करून आडोसा केला. त्याला त्यांनी नाव दिले ‘वेलिवाडा’, म्हणजे तेलुगूत गावाबाहेरचा दलितवाडा. त्यांच्यापैकी रोहित वेमुला १७ जानेवारीला आपल्यातून गेला. तेच स्वस्त कापड, तेच चेहरे. परंतु येथे त्यांनी विद्यापीठाच्या मध्यभागी गावकुसाबाहेरची वस्ती उभी करून दाखवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण कोणत्या बाजूचे, हे ठरवणे भाग पडले.

आपल्या विद्यार्थ्यांत आज कलाशाळांत शिकलेली मुले-मुली आहेत. वस्त्यांत हाताने पाट्या रंगवणारे, फ्लेक्समुळे बेकार झालेले पेंटर आहेत. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद कशी द्यावी, फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, शिष्यवृत्ती अडली तर कोठे जावे, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडावा : यांतले किती आपल्या भिंतींवर चित्ररूपाने दिसते? येत्या १४ एप्रिलला कार्यकर्त्यांनी एका तरी फ्लेक्सचे पैसे अशा भिंतीला द्यावेत. आणि समीक्षकांनी त्या भिंतीसमोर उभे राहून, कवितासंग्रहाचे करतो तितक्याच कठोरपणे, तिचे परीक्षण करावे.